शिष्यांनीं आणलेला चषक

ज्यानें आपली विद्या अंगबळावर कमावली, त्यानें तें बळ ओसरल्यावर काय करावें? हा प्रश्न पेन्शन घेऊन घरीं बसलेल्या आम्हां वृद्धांसच पडतो असें नाहीं. खेळाडूस तो चाळिशींतच गांठतो. या दृष्टीनें स्टीव्ह ब्लूमर या इंग्रज फुटबॉलपटूचें चरित्र आम्हांस मननीय वाटतें.

ब्लूमर यांचा जन्म १८७४ सालीं क्रॅडली हीथ येथें एका कामकरी कुटुंबांत झाला. अंगकाठी किरकोळ, चेहरा फिकट. परंतु चेंडू पायाशीं आला कीं विलंब न लावतां ते तो गोलांत धाडीत. डर्बी कौंटी संघासाठीं त्यांनीं ३३२ गोल केले, आणि १८९५ ते १९०७ या काळांत इंग्लंडकडून अवघ्या २३ सामन्यांत २८. कीर्ति एवढी, पण प्राप्ति केवढी? १९०१ पासून नियमच असा होता कीं, कोणाही खेळाडूस आठवड्यास ४ पौंडांहून अधिक वेतन देऊं नये. इंग्लंडचा मानाचा एफ. ए. चषकही त्यांस कधीं लाभला नाहीं. १८९८ व १८९९ या दोन्ही वर्षीं अंतिम सामन्यांत ते पराभूतच झाले.

१९१४ सालीं, वयाच्या ४० व्या वर्षीं, ते फुटबॉल शिकवावयास बर्लिनला गेले. तीनच आठवड्यांत महायुद्ध पेटलें! शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून त्यांस रुहलेबेन येथील शर्यतीच्या मैदानावर डांबण्यांत आलें. घोड्यांच्या तबेल्यांत चार हजारांहून अधिक माणसें राहत होतीं. पण या लोकांनीं बंदिशाळेची पाठशाळा केली. पुढें १९३५ चें नोबेल पारितोषिक मिळविणारे जेम्स चॅडविक तबेल्यांतच विज्ञानाचे प्रयोग करीत, तर ब्लूमर बाहेर फुटबॉल व क्रिकेट खेळत. अशीं तीन वर्षांहून अधिक गेलीं.

सुटकेनंतरही शिकविण्याचें व्रत त्यांनीं सोडलें नाहीं. १९२३ मध्यें ते स्पेनमधील इरूनच्या संघाचे शिक्षक झाले, आणि १९२४ सालीं त्यांच्या शिष्यांनीं अंतिम सामन्यांत माद्रिदच्या बलाढ्य संघास नमवून स्पेनच्या राजाचा चषक जिंकला. १९३८ सालीं डर्बी येथें त्यांचें निधन झालें.

मायदेशीं जो मान स्वतःच्या पायांस मिळाला नाहीं, तो परदेशांत शिष्यांच्या पायांनीं मिळवून दिला. गुरूस याहून मोठें वेतन आम्हांस तरी ठाऊक नाहीं. घरोघरच्या वडील मंडळींस म्हणून एवढेंच सांगणें कीं, हातपाय थकले तरी शिकविणें थकूं देऊं नये. नातवंडें शेजारींच बसलीं आहेत.