बांधिलकी किती आणि शब्द कोणाचा?

युद्धाच्या बातम्या आपल्याकडे बहुतांशी इंग्रजीतून येतात आणि पान लागायच्या आत त्या मराठीत उतरवाव्या लागतात. या घाईत सर्वाधिक ओढाताण होते ती बाजू घेण्याच्या शब्दांची. 'अलाय', 'पार्टनर', 'बॅकर' या वेगवेगळ्या नात्यांना आपण सरसकट 'मित्र' म्हणून मोकळे होतो. वृत्तानुवाद करणाऱ्यांनी ही सवय सोडायला हवी. कोणता देश कोणाशी किती बांधलेला आहे, यावर माणसांचे जगणे-मरणे ठरते. ते नेमके कळणे हा मराठी वाचकाचा हक्क आहे.

युक्रेनचेच घ्या. नाटोच्या परिभाषेत 'अलाय' म्हणजे सदस्य देश. १९४९च्या कराराच्या पाचव्या कलमानुसार अशा एका देशावरील सशस्त्र हल्ला सर्वांवरचा हल्ला मानला जातो. युक्रेन 'पार्टनर' आहे. त्याला नाटोच्या सदस्यांकडून शस्त्रे मिळतात, पण हे कलम त्याला लागू नाही. दोघांनाही 'मित्रराष्ट्र' म्हटले, की नाटोचे सैन्य युक्रेनमध्ये का उतरत नाही, हे वाचकाला उमगतच नाही. उलटे उदाहरण पाकिस्तानचे. अमेरिकेने २००४ मध्ये त्याला 'मेजर नॉन-नाटो अलाय' हा दर्जा दिला. नावात 'अलाय' असले तरी त्यातून संरक्षण-सहकार्याच्या काही सवलती मिळतात, संरक्षणाची हमी मिळत नाही.

हा काथ्याकूट नव्हे. १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धात उतरताना अमेरिकेने स्वतःला 'अलाइड' न म्हणवता 'असोसिएटेड' म्हणवले. दोस्तांच्या आपसातील करारांत तिला अडकायचे नव्हते. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४३ मध्ये, इटलीने शरणागती पत्करली आणि ऑक्टोबरमध्ये जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. तरीही दोस्तांनी तिला आपल्यात घेतले नाही. 'को-बेलिजरंट', म्हणजे सोबत लढणारा देश, एवढेच मानले. १९४७च्या पॅरिस तहात इटलीला प्रदेश सोडावा लागला आणि युद्धाची भरपाईही द्यावी लागली. एका शब्दाचे अंतर किती मोठे असते, ते इथे दिसते.

बाजू न घेण्याचे शब्दही तितकेच नाजूक. २ मार्च २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत रशियाच्या आक्रमणाचा निषेध करणाऱ्या ठरावावर मतदान झाले. १४१ देश बाजूने, ५ विरोधात आणि भारतासह ३५ देश 'ॲब्स्टेन'. अशा वेळी 'भारत मतदानाला गैरहजर' असे लिहिणे सरळ चूक आहे. भारताचे प्रतिनिधी सभागृहात होते, त्यांनी भूमिका मांडली आणि कोणत्याच बाजूने मत दिले नाही. मतदानात नव्हते ते १२ देश निराळेच. त्याचप्रमाणे 'तटस्थ' आणि 'अलिप्त' यांची अदलाबदल करू नये. तटस्थता हा युद्धकाळातील कायदेशीर दर्जा आहे. तिचे हक्क आणि बंधने १९०७च्या हेग करारांत नोंदली आहेत. १९६१च्या बेलग्रेड परिषदेतून उभी राहिलेली अलिप्तता हे धोरण आहे. कोणत्याही लष्करी गटात न जाता प्रत्येक प्रश्नावर स्वतःचे मत ठेवायचे, हा तिचा गाभा.

काही शब्द बांधिलकी सांगतच नाहीत, थेट निवाडा देतात. 'क्विझलिंग', 'कोलॅबरेटर', 'रेजीम', 'फिफ्थ कॉलम' हे त्यांतले. यांतला शेवटचा १९३६च्या स्पेनमधल्या यादवीतला. माद्रिदवर सैन्याच्या चार रांगा चालून येत आहेत आणि पाचवी शहराच्या आतच आहे, हे म्हणणे चालून येणाऱ्या फौजांच्या जनरल मोलाच्या नावावर आहे. आपण त्या रांगेचा खांब केला आणि 'पंचमस्तंभी' रूढ झाला, तो आता राहू द्या. त्या शब्दाने काय घडवले, हे मात्र विसरू नका. वेढ्यातल्या माद्रिदमध्ये घरभेद्यांच्या संशयाने जोर धरला आणि त्या वर्षाअखेर शहराबाहेर पाराक्वेयोसजवळ दोन हजारांहून अधिक कैद्यांना गोळ्या घातल्या गेल्या. म्हणून असा शब्द आला की तो कोणाच्या तोंडचा आहे, हे त्याच वाक्यात लिहिले पाहिजे. 'फितूर पकडले' आणि 'लष्कराने ज्यांना फितूर म्हटले, ते पकडले' या दोन वेगळ्या बातम्या आहेत.

मराठीला हे जमत नाही, असे कोणी म्हणू नये. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला. इंग्रजांनी या व्यवस्थेला 'अलायन्स' म्हटले. मराठीत ती 'तैनाती फौज' झाली. कंपनीची फौज पेशव्यांच्या मुलखात राहणार, तिच्या खर्चासाठी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा आणि इतरांशी बोलणी कंपनीला विचारल्याशिवाय करायची नाहीत, असा तो व्यवहार होता. मराठी शब्दाने मैत्रीची भाषा बाजूला ठेवली आणि प्रत्यक्ष काय दिले-घेतले गेले त्यावर बोट ठेवले. अनुवादाचा याहून चांगला धडा आपल्याला दुसरीकडे शोधायला नको.

मथळ्याला जागा कमी असते, ही सबब इथे चालत नाही. 'भागीदार' हा शब्द 'मित्रराष्ट्र'पेक्षा लांब नाही. प्रत्येक वृत्तकक्षाने अशा शब्दांची स्वतःची यादी करावी आणि नव्या उपसंपादकाला ती पहिल्याच आठवड्यात शिकवावी. बातमी पुढे सोडण्याआधी दोन प्रश्न विचारावेत: हा देश कोणत्या कराराने, किती बांधलेला आहे? आणि हा निवाडा कोण देत आहे? उत्तर मूळ बातमीत नसेल, तर ते शोधेपर्यंत तो शब्द वापरू नये. वाचकाने कोणाची बाजू घ्यायची हे त्याने ठरवावे; आपल्या घाईने ते त्याच्यासाठी ठरवू नये.