गाळातले विष कोण मोजणार?

लॉस एंजेलिसजवळ पालोस व्हर्डेस किनाऱ्यासमोर समुद्रतळाच्या गाळात डीडीटी बसले आहे. माँट्रोज केमिकल कंपनीने 1947 पासून ते बनविले आणि सांडपाणी सार्वजनिक गटारातून समुद्रात गेले. अमेरिकेने 1972 साली डीडीटीचा वापर बंद केला. गाळातले विष तिथेच राहिले. तळाशी चरणारा व्हाइट क्रोकर मासा ते पोटात घेतो आणि धक्क्यावर गळ टाकून बसणारा गरीब, स्थलांतरित माणूस तो मासा घरी नेतो. 2000 सालापर्यंतच्या तडजोडींतून सुमारे 14 कोटी डॉलर वसूल झाले. ‘हा मासा खाऊ नका’ असे फलकही लागले. ज्याच्या घरात दुसरे कालवण नाही, त्याने फलक वाचून काय करावे?

याच तळावर शास्त्रज्ञांनी पॉलिथिनच्या पातळ पट्ट्या सोडून पाहिल्या. पंप नाही, वीज नाही. पट्टी काही आठवडे पाण्यात किंवा गाळात राहते आणि माशाच्या चरबीसारखी विष शोषते. ती पुरती भरली की अर्धवट, हे कळावे म्हणून आधीच तिच्यात मोजून काही रसायने भरलेली असतात; त्यातली किती निघून गेली यावरून हिशेब लागतो. डीडीटीसारखी विषे पाण्यात फारशी विरघळत नाहीत, गाळाला चिकटतात. म्हणून बाटलीभर पाणी तपासले की अहवाल स्वच्छ येतो! उलट नुसता गाळ तपासला तर एकूण साठा कळतो, पण त्यातले किती सुटून जिवांच्या अंगात जाऊ शकते ते कळत नाही. पट्टी नेमके तेच सांगते. अमेरिकी सरकारी यंत्रणांनी 2017 मध्ये तिची कार्यपुस्तिकाच काढली.

पण आम्ही सावध आहोत. पट्टीत विष कमी आले की कारखानदार म्हणणार, ‘ते गाळात घट्ट बसले आहे, उपसायचा खर्च कशाला?’ पट्टी त्या काही आठवड्यांचे सांगते. पुढच्या पुराने किंवा ड्रेजरने गाळ ढवळला तर काय, हे सांगत नाही. एका मोजणीवर कोणालाही दोषमुक्त करू नये.

डीडीटी आपल्याला परके नाही. रायगडच्या रसायनीत सरकारी कारखान्यात ते वर्षानुवर्षे बनले. त्याच जिल्ह्यात, जिथे 1927 साली चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले त्या महाडला, रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे आणि सावित्री नदी आहे. पट्टीचे प्लास्टिक स्वस्त आहे. प्रयोगशाळेतील तपासणी महाग आहे. तो खर्च सांडपाणी सोडणाऱ्याने द्यावा, पट्टी मात्र त्याने बसवू नये. जागा खाडीत उतरणाऱ्यांनी दाखवाव्यात. आणि अहवाल मराठीत, ग्रामपंचायतीच्या व मच्छीबाजाराच्या फलकावर, माशांच्या नावांसकट लागावा: जिताडा, बोय, निवटी.