उष्टावण झाले, पुढे काय?

मामाच्या मांडीवर बसलेले बाळ, चांदीची वाटी, खिरीचे पहिले बोट आणि भोवती जमलेला गोतावळा! उष्टावणाचे हे चित्र मराठी घराला नवे नाही. या अन्नप्राशन संस्कारासाठी गृह्यसूत्रांनी सहावा महिना सांगितला. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध आणि त्यानंतर दुधाच्या जोडीला वरचे अन्न, असे आजचे वैद्यकशास्त्रही सांगते. या मेळाचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. मात्र संस्काराचे मोल समारंभाने ठरत नाही. दुसऱ्या दिवसापासून बाळाच्या वाटीत काय पडते, यावर ते ठरते.

तेथील चित्र अस्वस्थ करणारे आहे. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, सहा ते आठ महिन्यांच्या बाळांपैकी आईच्या दुधासह घट्ट वा अर्धघट्ट अन्न मिळणारी बाळे ४५.९ टक्केच होती. सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांत किमान पुरेसा आहार मिळणाऱ्यांचे प्रमाण तर ११.३ टक्के होते. हा केवळ दारिद्र्याचा प्रश्न म्हणून हात झटकता येणार नाहीत. सधन घरांतही हे प्रमाण फारसे वरचे नाही.

जन्मतः मिळालेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास सरत येतो आणि आईच्या दुधातून ती तूट भरून निघत नाही. सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६७.१ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आढळली, त्यामागील एक कारण हे आहे. अशा वेळी 'बाळाला पचणार नाही' म्हणून भाताची पेज किंवा वरणाचे वरचे पाणी दिले जाते. बाळाचे पोट इवलेसे. ते पाण्यानेच भरले, तर पोषण शिरणार कोठून? चमचा कलता केला तरी सहज ओघळणार नाही, इतके अन्न दाट हवे. मुगाच्या डाळीची मऊ खिचडी व वर तूप, नाचणीचे सत्त्व, घोटलेली पालेभाजी, कुस्करलेले केळे, चालत असेल तेथे अंडे, हे सारे घरचेच आहे. आरंभी दिवसातून दोन-तीनदा, नवव्या महिन्यापासून तीन-चारदा ते द्यावे आणि अंगावरचे दूध दोन वर्षे वा त्याहून अधिक काळ चालू ठेवावे.

परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी परंपरेची चाळणीही करावयास हवी. पहिला चीक पिळून टाकणे, नवजात बाळाला मध चाटवणे या रूढी धर्म नव्हेत. वर्षाच्या आतील बाळाला मधातून दुर्मीळ पण गंभीर विषबाधा होऊ शकते. मुलाचे उष्टावण सम महिन्यात, मुलीचे विषम महिन्यात, या हिशेबात किंवा मुहूर्ताच्या प्रतीक्षेत बाळाची भूक थांबत नाही.

दुसरीकडे बाजार टपून आहेच. बालदुग्धपर्याय व दुधाच्या बाटल्यांच्या जाहिरातींना १९९२ च्या कायद्याने बंदी घातली आणि २००३ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतच्या बालकांचे तयार अन्नही त्या कक्षेत आणले. तरीही २०२४ मध्ये एका स्विस संस्थेच्या तपासणीतून एक बाब उघड झाली: एक बहुराष्ट्रीय कंपनी युरोपातील काही देशांत बिनसाखरेचे विकत असलेले बालअन्न भारतात साखर घालून विकत होती. येथील बाळांसाठी वेगळा न्याय का?

मात्र सारा भार आईच्या पदरात टाकून चालणार नाही. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली. म्हणजे वरचे अन्न सुरू होते, नेमक्या त्याच वेळी ती संपते. शेतमजूर वा घरकाम करणाऱ्या स्त्रीला तेवढीही रजा नाही. म्हणूनच आजी-आजोबांनी घास भरवावा, वडिलांनी खिचडी शिजवावी. वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्याने अंगणवाडीचा शिधा बाळाच्याच वाटीत पडतो ना, हे पाहावे आणि सेविकेच्या पाठीशी उभे राहावे.

तान्ह्यासाठी रायगडाचा कडा उतरणाऱ्या हिरकणीचा गौरव महाराष्ट्र पिढ्यान्‌पिढ्या करीत आला. आजच्या हिरकणीला कडा उतरण्याची वेळच येऊ नये, ही जबाबदारी समाजाची आहे. उष्टावणाचा पहिला घास मामा भरवतो. पुढचे हजार घास साऱ्या घराने भरवावयाचे असतात.