छप्पन्न वीर आणि त्यांतले चार

दिवाळीच्या सुटींत माझी बहीण मुलांसह चार दिवस माहेरपणास आली होती. त्या चार दिवसांत आमच्या बैठकीच्या खोलींत जें युद्ध पेटलें, त्याचा निवाडा करण्याची पाळी अखेर माझ्यावर आली, आणि त्या निमित्तानें या खेपेचें हें पान पडद्यावरच्या एका खेळास द्यावें लागत आहे. पत्ते, सोंगट्या, बुद्धिबळें यांविषयीं कांहीं वाचावयास मिळेल अशा अपेक्षेनें ज्यांनीं तें उघडलें असेल त्यांनीं क्षमा करावी. पण प्रश्न निघाला तो असा आहे कीं, सोंगट्यांच्या शौकिनासहि त्यांत गोडी वाटावी.

खेळाचें नांव ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २’. जपानांतील ओसाका येथील कॅपकॉम या कंपनीनें तो सन २००० मध्यें काढला. एका बाजूस अमेरिकेंतील मार्व्हल या प्रकाशनसंस्थेच्या चित्रकथांतले वीर, दुसऱ्या बाजूस कॅपकॉमच्या स्वतःच्या निरनिराळ्या खेळांतले वीर, प्रत्येक बाजूचे अठ्ठावीस, असे मिळून छप्पन्न. त्यांतून तीन आपण निवडावयाचे, तीन प्रतिस्पर्ध्यानें, आणि एका पक्षाचे तीनहि गारद होईपर्यंत झुंजावयाचें.

भाचा अकरा वर्षांचा. त्याचें सारें चित्त स्पायडर-मॅनवर. आमचे चिरंजीव सोळा वर्षांचे. त्यांचें चित्त जिंकण्यावर. एका दुपारीं ओळीनें चौदा डाव हरल्यावर भाचा माझ्याकडे आला. डोळ्यांत पाणी होतें, पण आवाज करारी होता.

“मामा, हा खेळच खोटा आहे. दाखवतात छप्पन्न आणि जिंकतात तेच ते चार.”

मागोमाग चिरंजीव आले. “बाबा, तुम्हीच सांगा, मीं कांहीं लबाडी केली का? मॅग्नेटो त्यालाहि घेतां येतो. तो घेत नाहीं, त्याला मी काय करूं?”

दोघांचेंहि म्हणणें खरें होतें, हीच तर अडचण.

निराळ्या घराण्यांचे वीर एका आखाड्यांत उतरविणाऱ्या खेळाची भुरळ कशांत असते, हें सांगावयास फार विद्वत्ता नको. मारुती आणि भीम यांची कुस्ती लागली तर कोण जिंकेल, कर्णापुढें मेघनाद टिकेल का, असले वाद आपणहि लहानपणीं गच्चीवर झोपतांना घातले आहेत. त्या वादांत मौज ही कीं, उत्तर कोणापाशींच नसे. ज्याचा जो लाडका, तो त्याच्यापुरता अजिंक्य. स्पायडर-मॅन १९६२ सालीं चित्रकथेंत अवतरला, र्‍यू हा कराटेपटू १९८७ सालच्या ‘स्ट्रीट फायटर’ या खेळांतला. दोघांची गांठ एरवीं कोठेंहि पडावयाची नव्हती. येथें ती पडते. मुलगा जेव्हां हा खेळ हातीं घेतो तेव्हां तो अमुक बलाचें सोंगटें निवडीत नसतो, तो आपला मित्र निवडीत असतो. अशा खेळानें त्या प्रेमाचा मान राखावा, ही अपेक्षा अवास्तव नाहीं.

आणि हा खेळ ती अपेक्षा कांहीं अंशीं फार सुंदर रीतीनें पुरी करतो, कांहीं अंशीं अगदीं निर्दयपणें मोडतो.

सुंदर रीत अशी. तिघांपैकीं एक जण आखाड्यांत असतो, दोघे बाहेर थांबतात. हातांतल्या सहा कळींपैकीं दोन ठोशांच्या, दोन लाथांच्या आणि दोन केवळ हांक मारण्याच्या. हांकेची कळ दाबली कीं बाहेरचा गडी क्षणभर आंत उडी घेतो, आपला एक ठरलेला वार करतो आणि निघून जातो. तो आंत असेल तेवढा वेळ त्यालाहि मार बसूं शकतो. म्हणजे साह्य फुकट नाहीं. प्रत्येकाच्या साह्याचे तीन प्रकार असून त्यांपैकीं कोणता हवा तें आरंभींच ठरवून ठेवावें लागतें. शिवाय जो गडी बाहेर विश्रांति घेतो त्याचें गेलेलें बळ थोडें थोडें भरून येतें. तेव्हां कोणास पुढें ठेवावें, कोणास झांकून ठेवावें, हांक केव्हां मारावी, हा सारा विचार हात चालत असतांनाच करावा लागतो. पाहणाऱ्यास मात्र यांतलें कांहीं दिसत नाहीं. सौभाग्यवतींनीं दारांतून क्षणभर पाहून “लवंगीची माळ लागली आहे” असें वर्णन केलें, तें पहिल्या दिवशीं मलाहि पटलें होतें.

या व्यवस्थेचा परिणाम असा कीं, जो एकटा लढावयास दुबळा तो जोडीदार म्हणून अमोल ठरूं शकतो. कॅप्टन कमांडो नांवाचा एक वीर यांत आहे. १९९१ सालच्या त्याच्याच नांवाच्या खेळांतून तो आला. त्यास पुढें घालून लढणारे जाणते खेळाडू विरळा. पण मागें उभा करून हांक मारली असतां तो आपल्यापुढें विजेचा स्तंभ उभारतो आणि चालून येणाऱ्या शत्रूस जागच्या जागीं थोपवितो. तेवढ्या एका गुणावर मोठमोठ्या खेळाडूंच्या संघांत त्यास कायमची जागा मिळाली. सायक्लॉप्स आणि सायलॉक यांचेंहि थोडेंफार तसेंच. कोणास कोठें ठेवलें असतां तो शोभेल, हें ओळखण्याचें असें शिक्षण देणारा झुंजीचा दुसरा खेळ माझ्या पाहण्यांत नाहीं.

आतां निर्दयपणाकडे वळूं. हे छप्पन्न वीर एकाच वेळीं, एकमेकांशीं ताडून घडविलेले नाहींत. १९९४ सालच्या एक्स-मेनवरील खेळापासून १९९८ सालच्या पहिल्या ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम’ पर्यंत निरनिराळ्या खेळांसाठीं चितारलेले गडी गोळा केले, त्यांत कांहीं नव्यांची भर घातली आणि सर्वांस एका मांडवाखालीं बसविलें. ज्यांस हवेंतून आठहि दिशांनीं झेपावतां येतें असे मॅग्नेटो आणि स्टॉर्म, हवेंत तरंगणारा आणि हलका वार अंगावर घेऊनहि न डगमगणारा सेंटिनेल नांवाचा प्रचंड यंत्रपुरुष, आणि पडद्याच्या एका टोंकावरून दुसऱ्या टोंकाच्या गड्यास बंदुकीच्या झोतानें लोळविणारा केबल, हे ते चार. जाणते खेळाडू त्यांस सरळ ‘देव’ म्हणतात! स्पायडर-मॅन बिचारा दोरीवर लोंबकळत जवळ पोंचेपर्यंत डाव संपलेला असतो. त्यांतहि मॅग्नेटोसारख्याच्या हातीं एकदां सांपडलें कीं मारांची सांखळी सुटतां सुटत नाहीं. समोरच्यानें हात जोडून पाहत बसावें. भाच्याचे चौदा डाव असेच गेले होते.

बुद्धिबळांतहि वजीर आणि प्यादें यांत जमीन-अस्मानाचें अंतर असतेंच, असें कोणी म्हणेल. परंतु तेथें दोन्ही सैन्यें सारखीं असतात आणि प्याद्यावर प्रेम करा म्हणून कोणी सांगत नाहीं. येथें छप्पन्न चेहरे दाखवून “तुझा आवडता निवड” असें म्हणावयाचें आणि निवडल्यावर त्या आवडीचा दंड करावयाचा, हा प्रकार मला बरा वाटला नाहीं. छप्पन्न हा आंकडाहि कांहींसा फुगविलेला आहे. वुल्व्हरिन हाच वीर धातूच्या नख्यांचा आणि हाडांच्या नख्यांचा असा दोनदां मोजला आहे. आयर्न मॅन आणि वॉर मशीन यांत फरक शोधावा लागतो.

पण येथेंच चिरंजीवांचें म्हणणें ध्यानांत घ्यावें लागतें. ज्या विषमतेस मीं दोष म्हटलें तिच्यामुळें खेळ मेला असता तर गोष्ट संपली होती. तो मेला नाहीं. अमेरिकेंत ‘इव्हो’ या नांवानें झुंजीच्या खेळांचे मोठे सामने दरवर्षीं भरतात; २००२ पासून २०१० पर्यंत हा खेळ त्यांत होता, आणि न्यूयॉर्कचा जस्टिन वाँग यानें तो तेथें अनेकवार जिंकला. त्या चार देवांच्या आपसांतल्या लढायांतच खेळाडूंना इतकें खोल पाणी लागलें कीं, वर्षानुवर्षें नवे पेंच निघत राहिले. बहुतेक सांखळ्या खेळाडूंनीं स्वतः हुडकून काढल्या. घोटून गुळगुळीत केलेल्या खेळांत असल्या सांदीकोपऱ्यांस वाव नसतो. याच मालिकेंतला ‘इन्फिनिट’ नांवाचा खेळ २०१७ सालीं निघाला. गडी दोनदोन, मांडणी आटोपशीर, पण एक्स-मेन मंडळींपैकीं त्यांत एकहि नाहीं. पुढच्याच वर्षीं इव्होच्या मुख्य यादींतून तो वगळला गेला. विषमता घालवून प्रेम मिळतेंच असें नाहीं, आणि लाडक्यांस गाळून तर मुळींच नाहीं.

बाकीच्या गुणदोषांविषयीं थोडक्यांत. गड्यांचीं चित्रें सपाट, हातानें काढल्यासारखीं आणि उठावदार आहेत. पण जुन्या खेळांतून आणलेलीं कांहीं, विशेषतः मॉरिगनचें, नव्या शेजाऱ्यांपुढें फिकीं दिसतात, आणि पाठीमागचे देखावे मात्र घन आकारांचे, त्यामुळें दोहोंचा मेळ बसत नाहीं. कथा नांवापुरती. रक्तपात दिसत नाहीं, पण कांहीं स्त्रीपात्रांचे पोशाख इतके तोकडे आहेत कीं, वडिलधाऱ्यांनीं एकदां पाहून मगच काय तें ठरवावें. संगीताची मात्र तऱ्हाच और. आखाड्यांत हाणामारी चालू आणि पाठीमागें जॅझचा सुखासीन जलसा! मला तें अत्यंत विसंगत वाटलें. दुसऱ्या दिवशीं दाढी करतांना मी गडी निवडण्याच्या वेळचें गाणें गुणगुणत होतों, हें भाच्यानें सर्वांस सांगितलें.

एक दोष खेळाच्या आंतला नव्हे, बाहेरचा आहे; पण विकत घेणारानें तो जाणून असावें. दोन घराण्यांच्या मालमत्तेवर उभारलेली वस्तु दोघांची संमति असेल तोंवरच बाजारांत राहते. २००९ सालीं हा खेळ घरगुती यंत्रांवर उतरवून घेण्याजोगा झाला. २०१३ सालीं तो विक्रींतून काढून घेण्यांत आला. पुढें दहा वर्षांहून अधिक काळ नव्या माणसास तो सरळ मार्गानें मिळण्याची सोय नव्हती. जुन्या चकत्या शोधीत फिरावें लागे. सप्टेंबर २०२४ मध्यें आणखी सहा जुन्या खेळांबरोबर एका संग्रहांत तो परत आला. त्यांत सरावाची सोय आहे आणि दूरच्या प्रतिस्पर्ध्याशीं खेळण्याचीहि. आमच्या घरीं आला तो हाच. ज्यांस घ्यावयाचा असेल त्यांनीं मिळतो आहे तोंवर घ्यावा.

राहिला निवाडा. मीं असा दिला: सामन्यांत कोणीं काय घ्यावें तें सामनेवाल्यांनीं पाहावें, घरांत त्या चार देवांपैकीं एका संघांत एकच चालेल, दुसरा नाहीं. चिरंजीवांनीं तोंड वांकडें केलें, पण मान्य केलें. भाच्यास म्हटलें, “तुझा स्पायडर-मॅन तूं सोडूं नकोस, पण त्याच्या मागें कोण उभा करतोस तें नीट पाहा.” त्यानें कॅप्टन कमांडो आणि सायक्लॉप्स मागें ठेवून पाहिले. संध्याकाळभर दोघे हांक केव्हां मारावी एवढ्याचाच सराव करीत बसले, कारण शिकविणारें दुसरें कोणी नसल्यामुळें तें कामहि चिरंजीवांकडेच आलें.

नंतरच्या बारा डावांत भाच्यानें तीन जिंकले. तिसऱ्या वेळीं त्यानें जी आरोळी ठोकली ती ऐकून शेजारचे नाना चौकशीस आले. मे महिन्याच्या सुटींत तो पुन्हां येणार आहे. चिरंजीव अलीकडे जेवणें आटोपल्यावर दार लोटून एकटेच सराव करीत असतात. काल मीं डोकावून पाहिलें, तों हातांत मॅग्नेटो नव्हता, स्पायडर-मॅन होता.