फेस हवा, स्फोट नको

मैत्रिणींनो, गेल्या मे महिन्यात आमच्या वरठीच्या स्वयंपाकघरात बाटली फुटली. आल्याचं फसफसणारं सरबत काचेच्या बाटलीत घट्ट बंद करून ओट्याखाली ठेवलं होतं. दुपारी फटाक्यासारखा आवाज झाला आणि काचा थेट कणकेच्या डब्यापर्यंत! धाकटी नुकतीच तिथून उठली होती, म्हणून निभावलं.

जर्मनीतल्या वन्संना फोनवर सांगितलं, तर त्यांचा पहिला प्रश्न, "साखर मोजली होतीस का गं?"

वन्संकडे घरी बिअर करतात. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्यावाचून ती करता येत नाही. पण त्यातली युक्ती समजून घेण्यासारखी आहे. मोड आणून वाळवलेल्या जवाचा गोड रस उकळून गार करतात. यीस्ट घालण्याआधीच त्यातला थोडा, २० लिटरमागे साधारण दीड लिटर, स्वच्छ बरणीत भरून फ्रिजमध्ये राखतात. बाकीचा रस आंबतो. यीस्ट साखर खातं, वायू उडून जातो. आपल्या दूधमापीसारख्या नळीचा आकडा तीन दिवस हलला नाही, की आंबणं संपलं. मग राखलेला रस मिसळून बाटल्या बंद! यीस्टला खायला तेवढंच, म्हणून वायूही तेवढाच, आणि तो पेयातच मुरतो. जर्मन लोक या रसाला 'श्पायझं' म्हणतात, म्हणजे जेवण. बव्हेरियातल्या १५१६ च्या नियमाने बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी एवढंच घालायचं. वरची साखर नाही. तिथे ही युक्ती कामाची.

हिशेब सोपा आहे. १ ग्रॅम साखरेतून सुमारे अर्धा ग्रॅम वायू होतो. लिटरला ६-७ ग्रॅम, म्हणजे जेमतेम दीड लहान चमचा, साखर फेसाला पुरते. माझ्या बाटलीत वाटीभर साखर आंबायची बाकी होती, वर आमचा वैशाख!

तेव्हा आल्याचं सरबत करणार असाल तर एवढं सांभाळा. काच नको, सोड्याची प्लास्टिकची बाटली घ्या. वर चार बोटं जागा सोडा. सकाळ-संध्याकाळ दाबून बघा. टणक लागली की लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. थोडा मद्यांश होतोच, म्हणून मुलांना आणि गरोदर बाईला देऊ नका.

आमची धाकटी अजूनही आधी ओट्याखाली वाकून बघते, मगच जेवायला बसते.