तीन संचांचा मासा : फायदा कुणाचा?

मेसच्या केळ्यात बिया का नसतात? कारण केळ्याच्या पेशीत गुणसूत्रांचे, म्हणजे क्रोमोझोम्सचे, दोनऐवजी तीन संच असतात. तिनाचे दोन समान वाटे होत नाहीत, मग बी धरणार कसं? हाच फंडा परदेशात सॅल्मन आणि ट्राऊट या माशांच्या शेतीत वापरतात.

यात जीन कापणं-जोडणं काही नाही. पाण्याचं तापमान १० अंश असेल तर फलनानंतर साधारण अर्ध्या तासाने अंडी प्रेशर चेंबरमध्ये घालतात आणि ५ मिनिटं सुमारे ६५० बार दाब देतात. (मेकॅनिकलवाल्यांनो, ऐकताय ना?) अंडं एरवी बाहेर टाकतं तो जादा संच आतच अडकतो. आईचे दोन, बापाचा एक. झाला ट्रिप्लॉइड मासा, आणि तोही वांझ!

तीन संच म्हणजे दीडपट मासा, असं मात्र मुळीच नाही. वयात येईपर्यंत तो साध्या माशाएवढाच वाढतो, कधी कमीही. खरा फरक नंतर पडतो. साध्या मादीचं खाणं गाबोळीत जातं, मांस मऊ पडतं, त्याचा केशरी रंग उतरतो. ट्रिप्लॉइड मादीत गाबोळी जवळपास धरतच नाही, त्यामुळे वाढ चालू राहते आणि मांसही चांगलं राहतं. नर वांझ असूनही वयात येतात, म्हणून शक्यतो माद्याच पाळतात. शिवाय मासा पिंजऱ्यातून निसटला, तरी नदीतल्या मूळ सॅल्मनमध्ये त्याची पैदास मिसळत नाही.

इथवर सगळं झकास. पण या माशांत जबडा आणि मणके वाकडे होणं, मोतीबिंदू होणं हे प्रकार जास्त आढळतात. त्यांना खाद्यात फॉस्फरस आणि हिस्टिडीन जास्त लागतं. कोमट, कमी ऑक्सिजनच्या पाण्यात ते लवकर दमतात. उत्तर नॉर्वेत समुद्रातल्या पिंजऱ्यांत ते पाळले, तेव्हा जखमा आणि मरतूक साध्या माशांपेक्षा जास्त दिसली.

म्हणजे नफा मालकाचा, संरक्षण नदीचं आणि त्रास माशाचा! माझं म्हणणं, हे तंत्र बंद करू नका; नदी वाचते ही छोटी गोष्ट नाही. पण थंड पाणी आणि योग्य खाद्य यांची सोय असेल तिथेच ते वापरावं. आपण इंजिनिअर एक पॅरामीटर सुधारला की डिझाईन पास करून टाकतो. इथे किलोच्या आकड्याशेजारी मणके, डोळे आणि मरतूक यांचेही आकडे मागायला हवेत. ते नसतील, तर तो रिपोर्ट अपुरा!