अंगावरून जाणे, अंगावर काढणे

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं सर्रास काढली जात असल्याचं प्रकरण 2019 साली गाजलं. चौकशी समिती नेमली गेली. मुकादमाचा दंड, खासगी दवाखान्यांची नफेखोरी यांवर पुष्कळ लिहिलं गेलं, ते योग्यच होतं. पण त्यातल्या कित्येक बायका डॉक्टरकडे पहिल्यांदा गेल्या त्या साध्या तक्रारीसाठी: अंगावरून पांढरं जातंय.

हा काही बीडपुरता प्रश्न नाही. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांतल्या 650 बायका तपासल्या. 92 टक्के बायकांना स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तपासणी झाली होती जेमतेम 8 टक्क्यांची! हे 1989 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं.

कर्जत-खालापूरकडे नोकरीत असताना मी बचत गटांची इतिवृत्तं तपासायची. कर्जाच्या कारणात बी-बियाणं, घरदुरुस्ती असं स्वच्छ लिहिलेलं असे. मधूनच नुसतं 'दवाखाना'. विचारलं की पदर तोंडाला. एकदा वाडीवरची चाळिशीची एक बाई म्हणाली, "मॅडम, अंगावरून जातं, हाडं झिजतात. आणखी काय सांगू?"

हाडं झिजत नाहीत. थोडा, बिनवासाचा स्राव हा निसर्गच आहे. तो दह्याच्या गाठींसारखा होऊन कंड सुटत असेल, आग होत असेल, तर बहुधा कॅन्डिडा नावाची बुरशी वाढलेली असते. ती एरवीही शरीरात असते. गरोदरपण, मधुमेह किंवा अँटिबायोटिक गोळ्यांनी तिला मोकळं रान मिळतं. लावणीच्या दिवसांत दिवसभर अंगावर राहणारे ओले कपडेही तिच्या पथ्यावर पडतात. चारांतल्या तिघींना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. यात कुणाच्या चारित्र्याचा प्रश्न येत नाही, हे नवरेमंडळींनीही वाचावं.

उपाय स्वस्त आहे: क्लोट्रिमॅझोलच्या आत ठेवायच्या गोळ्या, किंवा फ्लुकोनॅझोलची 150 मिलिग्रॅमची एकच गोळी. ही दुसरी गोळी गरोदर बाईनं घेऊ नये. साबणानं किंवा जंतुनाशकानं आतून धुणं बंद. औषधाच्या दुकानातून आणलेल्या मलमात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. 2018 पासून अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, पण विचारतो कोण? वर्षातून तीन-चारदा त्रास झाला तर रक्तातली साखर तपासावी. दुर्गंधी, हिरवट-पिवळा स्राव, ओटीपोटात दुखणं, ताप असेल तर आजार वेगळा. तिथे तपासणीच हवी.

सरकारी यंत्रणेत स्रावाच्या तक्रारीसाठी हिरव्या रंगाचं मोफत औषधाचं किट ठरवून दिलेलं आहे. बँकेच्या भाषेत, भांडवल उपलब्ध आहे, उचल नाही. कारण वाडीवरून दवाखान्यात जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, आणि समोर पुरुष डॉक्टर दिसला की बाई डोकेदुखी सांगून, डोकेदुखीची गोळी घेऊन परत येते.